ताम्हणांच्या रांगेतला नाणा

कॉलेजच्या आवारातल्या झाडांना नावांच्या पाट्या लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मला नोकरीला लागून जेमतेम आठ महिने झाले होते. कर्वेनगरच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. स्लाइड धुणं, नमुने मांडणं, प्रॅक्टिकलच्या दिवशी सकाळी फुलं गोळा करून आणणं, ही माझी रोजची कामं. पाट्यांचं काम मला त्याहून फार मोठं वाटलं. हिरव्या पत्र्यावर पिवळी अक्षरं, वर मराठी नाव, खाली शास्त्रीय नाव. मी पेंटरला न देता सगळ्या पाट्या स्वतः रंगवल्या. माझं अक्षर चांगलं आहे असं शाळेत गुरुजी म्हणायचे, आणि आता ते पुण्यात येणारे-जाणारे वाचणार होते.

मुख्य फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला भिंतीलगत सात झाडांची रांग आहे. माझ्याजवळच्या यादीत लिहिलं होतं, ‘ताम्हण, सात’. सहा झाडांना पाट्या बांधून मी सातव्याशी आले. शिडी धरायला माळीमामा होते. ते म्हणाले,

“ताई, ह्यो ताम्हण न्हाय.”

“मग काय आहे?”

“नाणा हाय. आमच्याकडं रानात लई.”

मी झाडाकडे पाहिलं. पानं तशीच, समोरासमोर. खोड तसंच गुळगुळीत, जरा जास्त पांढुरकं इतकंच. मी यादी पुढे धरली. “मामा, इथे सात ताम्हण लिहिलेत. विभागप्रमुख मॅडमची सही आहे.”

मामांनी यादीकडे लांबूनच पाहिलं. “मंग आसंल,” ते म्हणाले आणि त्यांनी स्प्रिंगची तार माझ्या हातात दिली. खोड वाढलं तरी काचू नये म्हणून आम्ही पाट्या खिळ्याने न ठोकता स्प्रिंगने बांधत होतो. पाटी थोडी कलली होती. ती मामांनीच सरळ केली.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. आमच्याकडे झाड म्हणजे बाभूळ, लिंब आणि एसटी स्टँडसमोरचा गुलमोहर. वडील बाजार समितीत हमाली करायचे. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. माझं दहावीचं गुणपत्रक आलं तेव्हा वडिलांनी ते हातात घ्यायच्या आधी साबणाने हात धुतले आणि टॉवेलला पुसले. जे कागदावर आहे ते खरं, आणि ज्याच्याकडे कागद आहे तो शहाणा, हे आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण सगळे तसंच वागत. ज्यांनी मला शिकवलं, वसतिगृहात जागा मिळवून दिली, स्वतःची पुस्तकं वापरायला दिली, त्यांचं ऋण मी विसरलेली नाही. पण शिकता शिकता एक सवय लागली, जी कुणीच शिकवली नव्हती. मामांसारखं बोलणारं माणूस काही सांगायला लागलं की ऐकायचं, मान डोलवायची, आणि लिहायचं मात्र कागदावरचंच. मामा बोलायचे ते थेट माझ्या वडिलांसारखं. कदाचित म्हणूनच त्यांचं म्हणणं तपासून पाहावं, असं माझ्या मनात आलं नाही.

पुढची तीन वर्षं सहा झाडं एप्रिलमध्ये जांभळी होत राहिली. ज्यांनी ताम्हण फुललेला पाहिला आहे त्यांना सांगायला नको. सुरकुतलेल्या रेशमासारख्या पाकळ्या, फांदीच्या टोकाला तुऱ्यावर तुरे. राज्याचं फूल म्हणून मुलं तिथे उभी राहून फोटो काढायची. सातवं झाड नुसतं हिरवं. आमच्या विभागप्रमुख मॅडम सदाशिव पेठेतल्या. त्यांचं बोलणं कमी आणि कोरडं. फाटकातून येताना त्या एकदा थांबल्या, पाटी वाचली, झाडाकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, “तुमच्या सातव्याचे विषय राहिलेले दिसतायत.”

मीही हसले. विद्यार्थी त्याला ‘एटीकेटीचं झाड’ म्हणायला लागले.

यंदा फेब्रुवारीत संस्थेच्या कार्यकारिणीतले एक गृहस्थ आवार पाहायला आले. त्या दिवसांत ताम्हणाची पानं तांबडी होऊन गळत असतात. सातव्याची सगळी गळून गेली होती आणि खोडाची साल कागदासारखी पापुद्रे धरून सुटत होती. आतून निघालेला रंग इतका फिका, की दुपारच्या उन्हात झाड चुना फासल्यासारखं दिसत होतं. गृहस्थांनी एक पापुद्रा ओढून काढला. “हे रोगट आहे. फुलत तर नाहीच. बाकीच्यांना लागण व्हायच्या आधी काढा आणि इथे चांगलं ताम्हण लावा. दर्शनी भाग आहे हा.”

शहरात झाड तोडायचं तर महापालिकेची परवानगी लागते. अर्जासोबत झाड कोणतं आहे आणि त्याची अवस्था काय, याचं टिपण द्यावं लागतं. ते टिपण आमच्या विभागाकडे मागण्यात आलं. मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला. “पाटी तुम्ही लिहिलीत, कच्चं टिपणही तुम्हीच लिहा.”

त्या दुपारी मामा प्रयोगशाळेच्या दाराशी आले. इतक्या वर्षांत ते आत कधी आले नव्हते. फुलांची टोपली दारातच देऊन जायचे. चपला बाहेर काढून ते आत आले आणि स्टुलावर न बसता टेबलाला टेकून उभे राहिले.

“ताई, तोडायचं म्हंत्यात ते खरं का?”

“हो मामा.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्याच क्रमाने सांगते. दहा-बारा वर्षांपूर्वी ताम्हणाची सात रोपं आली होती. पहिल्याच उन्हाळ्यात एक मेलं. नेमकी तेव्हा बाहेरची समिती कॉलेज तपासायला येणार होती, आणि तेव्हाचे ऑफिसातले साहेब म्हणाले, कागदावर सात आहेत, तर जमिनीत सात दिसली पाहिजेत. मामांचं गाव मुळशीकडचं. शनिवारी ते घरी गेले, ओढ्याच्या कडेचं नाण्याचं एक रोप मुळासकट काढलं, पोत्यात गुंडाळून बसमधून मांडीवर आणलं आणि मेलेल्याच्या खड्ड्यात लावलं.

“पानं सारखीच. समितीला काय कळतंय? साहेब खूश. म्या बी गप ऱ्हायलो. मंग तुमी पाटी घिऊन आला तवा वाटलं, आता सांगाया हरकत न्हाय.”

“आणि मी ऐकलं नाही.”

“तुमचं काय चुकलं? लिवलेलं हुतं.”

ते असं सहज म्हणाले आणि मला मान वर करवेना.

मामा मेअखेर निवृत्त होणार होते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी त्या पिढीतल्या निम्म्या मुलांचा जन्म एक जूनचा लावला, त्यांतले ते एक. “माज्या हातची ह्या आवारात लई झाडं हाईत,” ते म्हणाले, “पर गावाकडनं आणलेलं येवढं येकच. रोगट म्हनून ते तोडलं आन् मी शाल घिऊन घरी गेलो, आसं नको व्हाया. यंदा फुलंल ते. मागल्या साली शेंड्याला दोन तुरे आलेले. तुमी सुट्टीला गावी व्हता.”

“नक्की फुलेल?”

“झाड हाय ताई. त्याला कोन इचारणार?”

दुसऱ्या दिवशी मी मॅडमसमोर उभी राहिले. पाटी चुकली असावी, असं मी सांगितलं. मामांनी तेव्हाच सांगितलं होतं, तेही सांगितलं. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

“पाटी कोणी लिहिली?”

“मी.”

“यादीवर सही कोणाची?”

मी यादी त्यांच्यापुढे सरकवली.

“माझी. रोज फाटकातून मीच येते. म्हणजे आपण दोघी गाढव. बसा.”

मग त्यांनी विचारलं, “पुरावा काय?” मी साल, पानांचा आकार, खोडाचा रंग असं सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. “या दोघांचं घराणं एकच. नुसत्या पानावर आणि सालीवर मी नाव देणार नाही. फूल आणा. फुलाशिवाय सही नाही, ताम्हण म्हणूनही नाही आणि नाणा म्हणूनही नाही.”

“पण टिपण तर या आठवड्यात…”

“मी परीक्षांच्या कामात आहे,” मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी टिपणाचा कागद खणात टाकून खण बंद केला. ते त्यांनी माझ्यासाठी केलं, की झाडासाठी, की शास्त्रासाठी, हे मला आजही सांगता येणार नाही. ऑफिसातून फोन यायचा. मॅडम म्हणायच्या, “अहो, पेपर तपासतेय. झाड कुठे पळून चाललंय?”

त्या तीन महिन्यांत मी ते झाड पाहायला शिकले. शिकले हाच शब्द बरोबर आहे. तीन वर्षं मी त्याच्यासमोरून दिवसातून चार वेळा जात होते आणि मला ते दिसलेलं नव्हतं. मार्चअखेर नवी पानं आली. मी ताम्हणाचं एक आणि याचं एक पान शेजारी शेजारी ठेवलं. ताम्हणाचं माझ्या पंज्याहून लांब, जाड. याचं लहान आणि उलटं केल्यावर मागून फिकं, राखेचा हात फिरवल्यासारखं. ताम्हणाच्या फांद्यांवर गेल्या वर्षीची बोराएवढी टणक बोंडं अजून लटकत होती. याच्या अगदी शेंड्याला, दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा, काही बारीक बोंडं दिसली, मटाराच्या दाण्यापेक्षा फार मोठी नसतील. मामांचे दोन तुरे खरेच होते. वर ती बोंडं वर्षभर होती आणि खाली माझी पाटी होती.

सालीला मी रोज हात लावायची. उन्हातसुद्धा ती गार लागते. जुना पापुद्रा सुटला की खाली पिस्त्यासारखी हिरवट झाक असते, मग ती दोन दिवसांत साईच्या रंगाची होते. रोगट खोड असं नसतं. मामा म्हणाले, “आमच्याकडं घराचं खांब ह्याचंच. आज्यानं घातल्यालं आजून उभं हाईत. वाळवी दात लावती आन् निघून जाती.” वाळवीचं मला माहीत नाही, पण त्यांनी बोटाच्या पेराने खोडावर टकटक केलं तेव्हा आलेला आवाज भरीव होता.

एप्रिलमध्ये सहा ताम्हण नेहमीसारखे फुलले. सातवा हिरवा. मेचा पहिला आठवडा गेला, दुसरा गेला. कॉलेज रिकामं झालं. मी यंदा गावी गेले नाही. आईला फोनवर कारण सांगितलं, तर ती म्हणाली, “झाडासाठी? बरं. जेवतीस का नीट?” मामा सकाळी पाणी घालून झालं की शिडी न लावता, खाली उभे राहून, मान मागे टाकून बघायचे. आम्ही एकमेकांना विचारायचं बंद केलं होतं.

मग एका सकाळी शेंड्याजवळच्या टोकांवर हिरवट-पांढरे कण दिसले. मामांनी विडी पेटवली आणि लगेच विझवली. “धरलं,” एवढंच म्हणाले. सहा-सात दिवसांनी मी सुट्टीत बंद असलेली प्रयोगशाळा उघडली, नेहमीप्रमाणे खिडकी ढकलली, आणि तशीच उभी राहिले.

आमची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर आहे. खालून जे झाड मला हिरवं दिसायचं ते वरून पूर्ण पांढरं होतं. पानं दिसत नव्हती. फांद्यांच्या प्रत्येक टोकाला फुटलेला तुरा शेजारच्या तुऱ्याला लागलेला, आणि त्यांचा मिळून एक घुमट झालेला. त्यावर सकाळचं तिरपं ऊन. आणि आवाज. आधी मला वाटलं शेजारच्या सोसायटीत कुठलंतरी मशीन चालू आहे. मग लक्षात आलं की झाड गुणगुणतं आहे. मधमाश्या इतक्या होत्या की पांढऱ्यावरून एक करडी थरथर सरकत होती. खाली भिंतीपलीकडे रिक्षा होत्या, दुधाचा टेम्पो उभा होता, एक बाई मुलाला स्कूटीवर पुढे उभं करून चालली होती. कुणीही वर पाहत नव्हतं. इतकं मोठं काहीतरी या शहरात, एका फाटकाजवळ, कुणाला न सांगता चाललं होतं. मी हात जोडले की नाही ते आठवत नाही. माझे डोळे भरून आले होते हे आठवतं.

मामांना मी वर बोलावलं. ते खिडकीशी आले आणि चौकटीला धरून वाकले.

“वरनं कवाच पाह्यला न्हवता,” ते म्हणाले. “आमी नेहमी खालनं.”

आकडीने एक तुरा काढून आम्ही तो टेबलावर ठेवला. मॅडम सुट्टीतही आल्या. फूल नखाएवढं. सहा पाकळ्या, प्रत्येकीला बारीक देठ, कडा चुरगळलेल्या. मध्ये पिवळ्या पुंकेसरांचा झुबका. मॅडमनी ताम्हणाची उरलेली एक कळी शेजारी ठेवली. ताम्हणाच्या कळीवर उभे कंगोरे असतात, लहान मुलाच्या भोवऱ्यासारखे. याची कळी साधी, बारीक लव असलेली. पुस्तकातली ओळख-किल्ली त्या एकेक पायरी मोठ्याने वाचत गेल्या आणि मी एकेक पायरी फुलावर दाखवत गेले. शेवटच्या पायरीवर त्या थांबल्या, चष्मा काढला आणि मामांकडे वळल्या.

“नाणा,” मॅडम म्हणाल्या.

“व्हय,” मामा म्हणाले.

मी त्यांना सूक्ष्मदर्शकात बघायला सांगितलं. ते नको नको म्हणत वाकले. एक डोळा मिटला, मग दुसरा, मग सापडलं. “आरं तिच्या!” ते ओरडले आणि लगेच मॅडमकडे पाहून जीभ चावली. पण डोळा काढला नाही. “पोरपनी ह्याच्याखाली गुरं राखली. अंगावर पडायची ही फुलं, झटकून टाकायचो. आत आसं हाय व्हय?”

टिपण मी त्याच दुपारी लिहिलं. झाड नाणा आहे, सह्याद्रीतलं, टणक लाकडाचं, निरोगी आहे. साल सुटणं हा त्याचा स्वभाव आहे. पूर्वीची पाटी माझ्याकडून चुकीची लागली होती. शेवटच्या वाक्यात मॅडमनी ‘माझ्याकडून’ खोडून ‘विभागाकडून’ केलं आणि खाली आणखी एक ओळ स्वतः लिहिली, की हे झाड कोणतं ते कॉलेजच्या माळ्यांनी तीन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. मग सही केली.

गृहस्थ दोन दिवसांनी आले. झाडाखाली उभे राहून त्यांनी टिपण वाचलं. त्यांच्या खांद्यावर फुलं पडत होती. “ठीक आहे,” ते म्हणाले, “पण सहा जांभळी आणि एक पांढरं, विजोड दिसतं.”

“तसं लिहून द्या,” मॅडम म्हणाल्या. “पांढरं फुलतं म्हणून तोडावं. मी लगेच सही करते.”

गृहस्थांनी कागद घडी करून खिशात घातला. मग का कोण जाणे, पुन्हा एकदा वर पाहिलं, या वेळी जरा जास्त वेळ. “मधमाश्या चावत नाहीत ना?” त्यांनी विचारलं आणि ते गाडीकडे गेले. अर्ज पुढे गेला नाही.

मामांचे चार दिवस उरले होते. मॅडम जायला निघाल्या होत्या, पर्स खांद्याला लावलेली. झाडापाशी त्या थांबल्या.

“मामा, आता खरं सांगा. या आवारात आणखी किती पाट्या चुकल्यात?”

मामांनी माझ्याकडे बघून कसनुसं हसत हात हलवला. “ऱ्हाऊ द्या की मॅडम.”

“अहो, चार दिवसांनी तुम्ही जाल. मग मी विचारू कोणाला? यादीला?”

“तीन,” मामा म्हणाले. मग जरा थांबून, “साडेतीन. येकाचं मलाबी नक्की न्हाय.”

मॅडमनी पर्समधून छत्री काढून उघडली. ऊन करकरीत होतं. “चला.”

पुढे मामा, मागे छत्रीखाली मॅडम, त्यांच्यामागे वही घेऊन मी, असे आम्ही कँटीनच्या मागच्या बाजूला गेलो. तिथे एक उंच झाड आहे. मीच पाटी बांधलेलं. मामांनी त्याच्या खोडावर आधी तळवा ठेवला, मग अंगठ्याच्या नखाने साल किंचित खरवडली, स्वतः हुंगली आणि अंगठा माझ्यापुढे धरला.

“लिवायच्या आधी वास घ्या, ताई.”

मी वही काखेत धरली आणि वाकले.